इंजिन बंद पडल्यानंतरची चार मिनिटे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, यंत्रांच्या कारखान्यांच्या वसाहतीत, ज्यांचे आयुष्य इंजिनांच्या आवाजात गेले, त्यांना इंजिन बंद पडणे म्हणजे जगबुडी वाटत नाही. विहिरीवरचे ऑइल इंजिन अडले की माणूस हातातले काम तसेच ठेवतो, पान्यांची पेटी घेतो आणि नोझल काढून बसतो. हा निश्चिंतपणा मलाही बऱ्यापैकी अंगवळणी पडला होता; पण भाचा विमान उडवायला शिकू लागला आणि तो डळमळला. सुटीला तो घरी आला त्या पहिल्याच दिवशी मी त्याला विचारले, की वर गेल्यावर इंजिन थांबले तर काय करता? भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "उतरतो, मामा." एवढ्या थंडपणे दिलेले उत्तर मला त्या वेळी उद्धटपणाचे वाटले होते. पुढे त्याच्याकडून, त्याच्या पुस्तकांतून आणि थोडीफार आकडेमोड करून जे कळले, ते इथे मांडतो आहे.

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः विमानाला वर धरण्याचे काम इंजिन थेट करतच नाही, ते काम पंख करतात आणि त्यासाठी पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहत राहणे एवढेच आवश्यक असते. इंजिन हा वेग टिकवून ठेवते. इंजिन गेले तर वैमानिक विमानाचे नाक किंचित खाली करतो आणि तोच वेग उंची खर्च करून मिळवतो. करूळ घाटात वरून सोडलेली सायकल पायडल न मारता पळते, त्यातलाच हा प्रकार. फरक असा की घाटाचा उतार रस्ता बांधणाऱ्याने ठरवलेला असतो, तर हवेतला उतार वैमानिक ठरवतो, आणि तो चुकीचा ठरवला तर दुरुस्तीला फार वाव मिळत नाही.

प्रत्येक विमानाचा एक विशिष्ट वेग असा असतो, की त्या वेगाने घसरत गेल्यास एकेका फुटाच्या उंचीत जास्तीत जास्त अंतर कापता येते. आपल्याकडे शिकाऊ वैमानिकांच्या हाती हमखास दिसणाऱ्या चार आसनी सेसना १७२ जातीच्या नव्या विमानात हा वेग ६८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२६ किलोमीटर आहे, आणि त्या वेगाला ते एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जाते. जमिनीपासून ३००० फुटांवर इंजिन थांबले तर वारा नसताना ते आठ किलोमीटरच्या थोडे पलीकडे पोहोचेल आणि त्याला जवळपास चार मिनिटे लागतील. वैमानिकाच्या हाती असलेले सगळे भांडवल ते हेच.

आता हाच हिशेब कोल्हापूरच्या नकाशावर मांडून पाहू. समजा, रंकाळा तलावाच्या माथ्यावर, उजळाईवाडीच्या विमानतळापेक्षा ३००० फूट उंच असताना इंजिन बंद पडले. रंकाळ्यापासून विमानतळ सरळ रेषेत नऊ किलोमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे हवा स्थिर असेल तर विमान धावपट्टीच्या अलीकडेच, तेही दाट वस्तीवरून जाऊन, जमिनीला टेकेल. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेचा वारा ताशी २० किलोमीटरने वाहत असेल तर तो चार मिनिटांत सव्वा किलोमीटरहून थोडे जास्त अंतर फुकट देतो आणि धावपट्टी कागदावर तरी आवाक्यात येते. परंतु तिथे पोहोचल्यावर वारा पाठीमागून घेऊनच टेकावे लागेल, कारण वळून वाऱ्याकडे तोंड करण्याइतकी उंची उरलेली नसेल. अशा काठावरच्या हिशेबावर शहराच्या छपरांवरून जाण्यापेक्षा अलीकडचे मोकळे शेत धरावे, असे वैमानिकाला शिकवले जाते, आणि मला ते पटते.

या हिशेबात आपल्या भागाला लागू असलेली एक मेख आहे. विमानातला उंची दाखवणारा काटा सामान्यतः समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, आणि उजळाईवाडीची धावपट्टी मुळातच समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. काट्यावर ५००० दिसले तरी पायाखाली ३००० फूटच असतात. पन्हाळा किंवा जोतिबाच्या डोंगरावर तर त्याहूनही कमी. किनाऱ्यालगत शिकलेल्या माणसाला घाटावर आल्यानंतर ही वजाबाकी सवयीने करावी लागते. उन्हाळ्यात त्यात आणखी भर पडते. एप्रिलमधल्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की उजळाईवाडीची हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीने ते ठिकाण जणू ५००० फुटांच्या वर असते. विरळ हवेत इंजिन कमी ताकद देते, विमान आळसावल्यासारखे चढते, आणि वेगाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवत असला तरी जमिनीवरून सरकण्याचा प्रत्यक्ष वेग सात-आठ टक्क्यांनी जास्त असतो.

घसरत येणारे विमान शेताच्या अलीकडेच पडेल असे दिसू लागले की हात आपोआप नाक वर करायला सरसावतात, कारण नाक वर म्हणजे विमान वर, ही समजूत अंगात मुरलेली असते. प्रत्यक्षात ठरलेल्या वेगापेक्षा हळू गेले तर विमान तेवढ्याच अंतरात जास्त उंची गमावते आणि अंतर वाढण्याऐवजी घटते. नाक वर करण्याचा हट्ट तसाच चालू ठेवला तर पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन साधारण १५-१६ अंशांच्या पुढे जातो, पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा सुटते आणि पंख भार पेलणेच सोडून देतो. याला स्टॉल म्हणतात. मोटारीचे इंजिन स्टॉल होणे वेगळे आणि विमान स्टॉल होणे वेगळे. इंजिन जोरात चालू असतानाही विमान स्टॉल होऊ शकते आणि इंजिन पूर्ण बंद असताना ते सुरक्षित तरंगू शकते. इंजिन बंद पडल्यानंतर जे जिवावरचे अपघात होतात, त्यांत मारक गोष्ट पुष्कळदा बंद इंजिन नसते, तर त्यानंतर घाबरून ओढलेले नाक असते.

इंजिन गेल्यानंतर पहिले काही क्षण वैमानिकाचा विश्वासच बसत नाही. प्रशिक्षणाच्या गणितात त्यासाठी चारेक सेकंद धरून ठेवलेले असतात. बहुतेक वेळा समोरचा प्रोपेलर थांबतही नाही. येणाऱ्या वाऱ्याने तो पवनचक्कीसारखा फिरत राहतो आणि डोळ्यांना सगळे ठीक वाटते, फक्त कानांना फरक कळतो. म्हणून शिकवणारे कधीही, बोलता बोलता, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढून शिष्याला म्हणतात की तुझे इंजिन गेले, आता सांग कुठे उतरशील. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे हे इतक्या वेळा होते की पुढे मोटारसायकलवरून जातानाही तो रस्त्याकडेची शेते न्याहाळू लागला.

कामांचा क्रम ठरलेला असतो: आधी विमान सांभाळायचे, मग जायचे कुठे ते ठरवायचे आणि बोलणे सगळ्यांत शेवटी. वेग ६८ नॉटवर आणून तिथे तो आपोआप टिकेल अशी ट्रिमची चक्री बसवली की हात मोकळे होतात, शेत निवडता येते आणि त्या शेताकडे जाता जाता इंजिन पुन्हा चालू होते का हे पाहता येते. इथे उद्यमनगरी माणसाला एकदम घरच्यासारखे वाटेल. सेसनाचे इंजिन म्हणजे आडव्या मांडणीचे, हवेने थंड होणारे चार सिलिंडर. नव्या १७२ मध्ये सहा लिटरच्या जवळपास आकारमानाचे आणि १८० अश्वशक्तीचे. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो, म्हणजे स्वतःच वीज तयार करून ठिणगी पाडणारी यंत्रे, जेणेकरून एक मॅग्नेटो गेला तरी दुसऱ्यावर काम चालावे. बॅटरी पूर्ण उतरली तरी ठिणगी पडत राहते. एवढी दुहेरी व्यवस्था असताना इंजिन थांबते, तेव्हा लोखंड मोडले असण्याआधी इंधन किंवा हवा पोहोचली नसण्याची शंका घ्यावी लागते, आणि ती शंका हवेतल्या हवेत निवारता येते: इंधनाचा कॉक योग्य टाकीकडे आहे का, हवा-इंधनाच्या मिश्रणाचा दांडा पुढे आहे का, पंप लावला का, किल्ली दोन्ही मॅग्नेटोंवर आहे का, आणि जुन्या विमानात कार्ब्युरेटरची गरम हवा उघडली का. एका टाकीचे इंधन संपलेले असते आणि दुसरी भरलेली असते, असा प्रकार ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण तो पुन्हा पुन्हा घडलेला आहे.

इंधनातले पाणी हा दुसरा गुन्हेगार. रात्रभर उभ्या राहिलेल्या अर्धवट टाकीत हवेतली वाफ थंडावून तिचे पाणी होते आणि ते पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून रोज सकाळी उड्डाणाआधी पंखाखालच्या छोट्या झडपेला काचेसारखी पारदर्शक नळी लावून थोडे इंधन काढतात. भाच्याने मला ते एकदा दाखवले. नळी उजेडाकडे धरली तेव्हा आत फिकट निळ्या रंगाचे इंधन होते (विमानाच्या या पेट्रोलला ओळख पटावी म्हणून मुद्दाम निळा रंग दिलेला असतो) आणि तळाशी वाटाण्याएवढा एक रंगहीन थेंब स्वतंत्रपणे डळमळत होता. त्याने ते बाजूला ओतून दिले, पुन्हा काढले, पुन्हा पाहिले, आणि तिसऱ्यांदा सगळे निळे आल्यावरच तो पुढच्या झडपेकडे गेला. आपल्याकडे पावसाळ्यात मोटारसायकलचे प्लग काढून पुसणाऱ्या माणसाला या थेंबाची किंमत वेगळी सांगायला नको.

कार्ब्युरेटरमधले बर्फ मात्र कोणाच्या अंदाजात येत नाही, आणि तेही आपल्या हवेत. माठातले पाणी पाझरून वाफ होताना माठ थंड करते, हे आपण रोज पाहतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना तसेच घडते आणि शिवाय अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाबही उतरतो; या दोहोंमुळे आतले तापमान २०-३० अंशांनी पडू शकते. बाहेर २२ अंश आणि हवा दमट, म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट, असेल तर आतल्या ओलाव्याचे बर्फ होऊन गळा आवळला जातो. पहिली खूण म्हणजे इंजिनाचे फेरे हळूहळू उतरू लागतात. उपाय सोपा आहे: एक्झॉस्टजवळून तापलेली हवा आत सोडणारा दांडा ओढायचा. बर्फ वितळून पाणी आत जाताना इंजिन क्षणभर आणखी खडबडते आणि नवखा माणूस घाबरून दांडा परत ढकलतो. तो तसाच ओढून ठेवायचा असतो. नव्या १७२ मध्ये कार्ब्युरेटरच नसल्याने ही भानगड नाही, जुन्या विमानांत आणि दोन आसनी सेसना १५२ मध्ये आहे.

इंधन मोजण्यातली चूक केवढी होऊ शकते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण छोट्या विमानाचे नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ किलोग्रॅम आणि पौंड यांच्या घोटाळ्यात निम्म्याहून कमी इंधन घेऊन निघाले आणि हवेतच त्याची दोन्ही इंजिने थांबली. मुख्य वैमानिकाला ग्लायडर उडवण्याची सवय होती. त्याने ते अवाढव्य विमान कॅनडातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर तिरपे घसरवत आणून उतरवले आणि विमानातले सगळे वाचले. ही तिरपे घसरवण्याची युक्ती छोट्या विमानातही कामाला येते. तिचे काम पुढे सांगतो.

पूर्ण बंद पडलेले इंजिन निदान स्पष्ट बोलते. अर्धवट चालणारे जास्त फसवते, कारण ते अजून थोडे ओढेल, घरापर्यंत नेईल, अशी आशा दाखवत राहते. तेलाचा दाब उतरतो आहे आणि तेलाचे तापमान चढते आहे असे दोन काटे एकाच वेळी दिसले, तर इंजिन थांबण्याची वाट पाहायची नसते. ताकद शिल्लक असतानाच चांगली जागा निवडून, वरून एक फेरी मारून, नीट पाहून उतरायचे असते. याला सावधगिरीचे अवतरण म्हणता येईल. ज्याला पर्याय उरलेला नाही ते सक्तीचे अवतरण. पहिले करण्याची संधी असताना लाजेपोटी न केल्यामुळे दुसरे करावे लागते, आणि ही लाज मानवी आहे, कारण चालू इंजिनाचे विमान शेतात उतरवल्यावर लोक हसतील ही भीती खरी असते.

सर्वांत वाईट जागा म्हणजे उड्डाणानंतरची पहिली तीस-चाळीस सेकंदे. विमान नाक वर करून चढत असते, उंची चार-पाचशे फूट, आणि तेवढ्यात इंजिन गेले की वेग झपाट्याने पडतो. अशा वेळी आधी नाक ठामपणे खाली ढकलायचे असते, जमीन समोर दिसत असताना, आणि मन नेमके याच्या विरुद्ध ओढ घेते. दुसरी ओढ मागच्या धावपट्टीची. ती मागे अगदी जवळ, ओळखीची, मोकळी पडलेली असते. परंतु तिच्याकडे परतण्यासाठी नुसते अर्धे वळण पुरत नाही. आधी अर्ध्याहून जास्त वळून तिच्या रेषेकडे यावे लागते आणि मग उलट वळून रेषेत यावे लागते, आणि प्रत्येक वळण उंची खाते. वळणात पंखावरचा भारही वाढतो. ज्या १७२ चा स्टॉल सरळ उड्डाणात फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेला खाली उघडणारे पडदे) न उघडता ४८ नॉटला होतो, तिचा ४५ अंश कलून उंची सांभाळू पाहणाऱ्या वळणात ५७ नॉटला आणि ६० अंशांना ६८ नॉटला होतो. म्हणजे तरंगण्याचा जो उत्तम वेग, तोच स्टॉलचा वेग होऊन बसतो. त्यामुळे उजळाईवाडीहून पश्चिमेकडे उडाल्यावर महामार्ग आणि वस्ती समोर दिसत असली तरी कमी उंचीवर शिकवण एकच असते: समोर पाहा आणि थोडे डावी-उजवीकडे वळून जी सर्वांत कमी वाईट जागा दिसेल ती घ्या. कोणत्या उंचीपासून मागे वळणे शक्य आहे हे त्या विमानात, त्या वजनाला, सुरक्षित उंचीवर सराव करून आधीच ठरवायचे असते. जमिनीजवळ ते ठरवायला वेळ नसतो.

उंची असेल तर प्रश्न शेत निवडण्याचा. ज्यांनी आपला जिल्हा पायांनी पाहिला आहे त्यांना इथे वैमानिकापेक्षा जास्त कळेल. नेहमीच्या परिस्थितीत १७२ ला टेकल्यानंतर थांबायला १७५ मीटरच्या आसपास लागतात आणि १५ मीटर उंचीचा अडथळा ओलांडून यायचे असेल तर एकूण ४०० मीटरच्या थोडे वर. पंखांची रुंदी ११ मीटर. म्हणजे २०० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशी एकराची पट्टी टेकण्यापुरती चालेल, पण आपल्याकडे वाटण्या होऊन होऊन पट्ट्या वीस-वीस गुंठ्यांच्या झाल्या आणि दर पट्टीला बांध आला. वरून सलग दिसणाऱ्या हिरव्या चौकोनात गुडघाभर उंचीचे चार बांध असतात आणि त्यातला एकच पुढचे चाक मोडून विमान उलटे करायला पुरेसा असतो. म्हणून शेत पाहताना शेजारचे पीक आपल्याच रंगाचे आहे का, रंग जिथे बदलतो तिथे बांध आहे हे धरून चालायचे.

ऋतूप्रमाणे उत्तर बदलते. डिसेंबर ते मार्च तोडीचा हंगाम असतो आणि ऊस नुकताच तुटलेले रान दुरून पाचटामुळे फिकट पिवळे दिसते. सरी-वरंब्यांच्या समांतर, सरींच्या लांबीने उतरले तर ही जागा बरी. सरींना आडवे उतरणे म्हणजे दर पावलाला एक बांध. एप्रिल-मे मधली नांगरट भुरकट आणि मोकळी दिसते, पण काळ्या रानातली वाळलेली ढेकळे विटेएवढी कडक असतात, म्हणून कुळवलेले, भुसभुशीत आणि एकसारख्या रंगाचे रान नांगरटीपेक्षा चांगले. पावसाळ्यात पश्चिमेकडच्या भातखाचरांचा आणि पंचगंगेकाठच्या ओल्या रानांचा मोह टाळावा. चाके रुततात आणि विमान नाकावर उभे राहते. गवताळ माळ, मग तो थोडा चढाचा असला तरी, बहुधा या सगळ्यांपेक्षा सरस. चढावर टेकलेले विमान लवकर थांबते, आणि चढ चांगला तीव्र असेल तर वारा किंचित मागून असतानाही चढाकडे तोंड करणे योग्य ठरते.

आता उभा ऊस. जमिनीपासून १०-१२ फूट पोसलेला आडसाली ऊस सुमारे ९ फूट उंचीच्या सेसनापेक्षा उंच असतो. त्याला शेत समजून चालत नाही, ते हिरव्या शेंड्यांचे छप्पर समजावे. झाडांच्या गर्दीत उतरण्याची जी पद्धत, तीच इथे: फ्लॅप पूर्ण उघडे, वाऱ्याकडे तोंड, जितका कमी वेग शक्य तितका, आणि नाक थोडे वर ठेवून शेंड्यांवर विमान जवळजवळ बसवायचे, जेणेकरून दोन्ही पंख एकाच वेळी उसात शिरतील. विमानाचे नुकसान होईल. ऊस मात्र हजारो लवचिक कांड्यांनी धक्का वाटून घेतो, आणि दगडी बांधाला धडकण्यापेक्षा ते कितीतरी परवडते.

या सगळ्यांहून वाईट गोष्ट वरून दिसतच नाही, ती म्हणजे तारा. नदीवरून उपसा करणाऱ्या पाणी योजनांमुळे आपल्या जिल्ह्यात मोटारींच्या विजेच्या लाइनी शेताशेतांतून गेल्या आहेत. तार दिसत नाही, खांब दिसतो, म्हणून खांबांच्या रांगा शोधायच्या, आणि जिथे ट्रान्सफॉर्मर किंवा विहिरीवर शेड दिसेल तिथे तार आहेच असे गृहीत धरायचे. महामार्ग लांब आणि गुळगुळीत असल्याने मोह घालतो, पण त्यावर वाहने, मधला दुभाजक, कमानी, दिशादर्शक फलक आणि आडव्या तारा असतात, शिवाय रस्त्यावरच्या माणसांनी आपला धोका स्वीकारलेला नसतो. पाण्यात उतरणे हा आपल्या भागात शेवटचा पर्याय समजावा, कारण चाके बाहेर असलेले छोटे विमान पाण्याला लागताच पालथे होऊ शकते.

शेत ठरले की त्याच्याकडे सरळ धावायचे नसते. शक्यतो त्याच्या बाजूने, वारा पाठीशी घेऊन, हजार फुटांच्या आसपास उंचीवर समांतर जायचे आणि मग दोन वळणे घेऊन वाऱ्याकडे तोंड करायचे, म्हणजे उंची कमी-जास्त झाली तर वळण आत-बाहेर घेऊन भरपाई करता येते. लक्ष्य शेताच्या सुरुवातीवर न ठेवता एक तृतीयांश आत ठेवतात. आपण पोहोचणार की नाही हे ओळखण्याची खूण फार सुंदर आहे: काचेतून ती जागा स्थिर दिसत असेल तर आपण तिथेच टेकणार, ती काचेत वर सरकत असेल तर अलीकडे पडणार, खाली सरकत असेल तर पलीकडे जाणार. पलीकडे जाणे बरे, कारण जास्तीची उंची फ्लॅप उघडून किंवा गिमलीच्या वैमानिकासारखे विमान तिरपे घसरवून घालवता येते. कमी पडलेली उंची कुठूनही आणता येत नाही. म्हणून फ्लॅप शेत पक्के हाती आल्यावरच पूर्ण उघडतात.

वाऱ्याकडे तोंड करण्याचा एवढा आग्रह का, हे आकड्यांतून चांगले कळते. हवेतला टेकण्याचा वेग ताशी ८३ किलोमीटर आणि वारा २० चा असेल, तर समोरून वारा घेतल्यास जमिनीवरचा वेग ६३ राहतो आणि मागून घेतल्यास १०३ होतो. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे दुसऱ्या बाबतीत ती पहिल्याच्या अडीच पटींहून जास्त असते. उलट बाजूने पाहिले तर हाच नियम दिलासा देतो. ताशी ८० किलोमीटरचे विमान एकसारखे मंदावत, गुरुत्वाच्या नऊ पट जोराने थांबवायचे म्हटले तर तीन मीटरही लागत नाहीत, आणि एवढा धक्का पट्टे घट्ट बांधलेला माणूस सोसू शकतो. वेग १६० असेल तर त्याच धक्क्यासाठी ११ मीटर लागतात. ते तीन मीटर चाके मोडून, पंख झुडपात अडकवून, नाक चेपून मिळवता येतात. प्रशिक्षणात म्हणूनच सांगतात की इंजिन गेले त्या क्षणापासून विमान वाचवण्याचा विचार सोडून द्यायचा. पंख, चाके आणि शेपूट हे माणसांभोवतीचे वेष्टन समजून खर्च करायचे. स्वतःचे, कर्ज काढून घेतलेले विमान असे खर्च करणे अवघड जाते हे मी समजू शकतो. पण २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात एक शिकाऊ विमान मोडून पडले आणि आत एकटीच असलेली बावीस वर्षांची वैमानिक किरकोळ दुखापतीवर बाहेर आली. विमानाचा फोटो पाहून हळहळणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

रेडिओवर बोलायला मधल्या वेळात पंधरा सेकंदे पुरतात. जिथे बोलणे चालू असेल त्याच फ्रिक्वेन्सीवर, किंवा कोणीच नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर, 'मेडे' हा शब्द तीनदा, मग विमानाची ओळख, काय झाले, कुठे आहोत, किती जण आहोत. हा शब्द १९२० च्या दशकात लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेंचमधल्या 'मला मदत करा' या अर्थाच्या उच्चारावरून रूढ झाला. रडारला कळावे म्हणून ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख पाठवणाऱ्या यंत्रावर, ७७०० हा आकडा लावतात. टेकण्यापूर्वी इंधनाचा कॉक बंद, मिश्रणाचा दांडा पूर्ण मागे, मॅग्नेटो बंद, फ्लॅप विजेवर चालत असल्यामुळे ते उघडून झाल्यावरच मुख्य स्विच बंद, पट्टे घट्ट, आणि दारे थोडी किलकिली, कारण सांगाडा वाकला तर बंद दार आतच अडकते.

विमान थांबले की सामान, कागद, मोबाइल काही न शोधता बाहेर पडायचे आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला दूर जायचे, कारण सांडलेल्या पेट्रोलची वाफ वाऱ्याबरोबर उलट दिशेला जाते आणि वाळल्या पाचटाला ठिणगी पुरते. दहा मिनिटांत सगळा गाव बांधावर जमणार हे आपल्याकडे ठरलेलेच आहे. जमलेल्यांनी विडी-सिगारेट पेटवू नये, जखमी कोणी नसेल तर अवशेष हलवू नयेत, कारण तपास करणाऱ्यांना कॉक, दांडे आणि स्विच ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत पाहावे लागतात. आणि प्रोपेलरला हात लावू नये. मॅग्नेटो बंद करणारी किल्ली प्रत्यक्षात एका वायरने मॅग्नेटोला इंजिनाच्या सांगाड्याशी जोडून ('अर्थ' करून) गप्प बसवते; धडकेत ती वायर तुटली असेल, तर किल्ली खिशात असली तरी सहज म्हणून फिरवलेल्या पात्याने ठिणगी पडते आणि सिलिंडरमध्ये उरलेल्या वाफेवर ते इंजिन, जे हवेत पाच वेळा प्रयत्न करूनही सुरू झाले नव्हते, एक फेरा मारून जाते.